गावातल्या ग्रंथपालाचं आयुष्य कसं असतं? सूचीच्या कामात काही राम आहे का?

तुमचा भाचा बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करू म्हणतो, पण गावीच राहायचंय, आणि जुन्या पुस्तकांच्या सूचीचं, म्हणजे कुठलं पुस्तक कधी, कुठे छापलं याची यादी करण्याचं, काम करायची हौस आहे. यावर आयुष्य निघेल का, असं तुम्ही विचारलंय. मी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात 22 वर्षं वाचनालय सांभाळतेय. आधी पैशाचं सांगून टाकते.

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातलं. 2022 च्या वाढीत वर्षाचं अनुदान 30,000 चं 48,000 झालं. त्यातलं निम्मं पगारासाठी, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने महिन्याला 2,000. तेही वेळेवर येईलच असं नाही. आमच्या घरी शेती आहे म्हणून निभतंय. भाच्याला पगार हवा असेल तर एम.लिब. आणि नेट-सेट करून कॉलेजच्या मागे लागू द्या.

काम म्हणाल तर सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी, दुपारनंतर भरतीची पोरं. “ताई, पोलीस भरतीचं नवीन आलं काय?” कापूस वेचणीच्या दिवसांत देवघेवीच्या वहीत पानभर नोंद होत नाही. बाकी वेळ कसर आणि वाळवी यांच्याशी भांडण्यात जातो.

सूचीचं मात्र निवांत सांगते. एका जुन्या वाड्यातल्या काकूंनी बोलावलं, “घेऊन जा ना ताई हे सारं, उंदरं कुरतडून राह्यले.” दोन पोती पुस्तकं निघाली. कीर्तनाची, वैद्यकीची, एक शेतकीवरचं. बऱ्याचशांची मुखपृष्ठं गेलेली. अशा वेळी प्रस्तावनेच्या शेवटी बघायचं, तिथे गाव आणि तिथी सापडते. एकावर होतं ‘माघ शुद्ध 5, शके 1834’. मी शकात 78 मिळवले आणि चिठ्ठीवर 1912 लिहून मोकळी झाले. चूक! शक चैत्रात बदलतो, माघ येतो तोवर इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं. तिथे 79 मिळवायचे, म्हणजे 1913. हे लक्षात आलं तेव्हा 60 चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या. सगळ्या पुन्हा काढून महिने तपासले, 7 चुकलेल्या निघाल्या. (लाल शाईने दुरुस्त केल्या. खाडाखोड केली की नंतरच्या माणसाला काय बदललं तेच कळत नाही.)

मराठीत हे काम मोठ्या प्रमाणावर केलं ते शं. ग. दाते यांनी. 1800 ते 1937 मधल्या पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ 1943 साली निघाली. दुसरा खंड 1950 पर्यंत येतो. कॉम्प्युटर नाही, झेरॉक्स नाही. मी दोन पोत्यांत दमले, त्यांनी 150 वर्षं उपसली. माझ्या हाती आलेलं प्रत्येक पुस्तक मी आधी त्यांच्याकडे शोधते. न सापडलं की आनंद होतो, हा दुष्टपणा कबूल करते.

आपल्याकडच्या पुस्तकांची एक वेगळी गंमत आहे, भाच्याला नक्की सांगा. 1867 च्या कायद्याने छापखान्यांना पुस्तकांच्या प्रती सरकारात द्याव्या लागत आणि त्यावरून दर तिमाहीला प्रत्येक प्रांताच्या वेगळ्या याद्या निघत. पण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हताच. 1853 पासून तो निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि 1903 साली मध्य प्रांताला जोडला गेला. अमरावतीत किंवा अकोल्यात छापलेलं पुस्तक मुंबईच्या यादीत शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही. मी दोन वर्षं तेच करत होते.

भाच्याला दिवाळीनंतर सुट्टीत पाठवा. दुसरं पोतं अजून अर्धं बाकी आहे. येताना नाकाला बांधायला रुमाल मात्र आणू द्या.