ग्रंथांचा ‘प्रसार’ की ‘संप्रदान’?

प्रश्न असा आला आहे: मध्ययुगीन चीनमधल्या ताओ धर्मावर लिहिताना ‘पवित्र ग्रंथांचा प्रसार’ म्हणावं का? शब्द खटकतो, पण दुसरा सुचत नाही.

खटकतो ते बरोबरच आहे. मी ‘संप्रदान’ म्हणेन. ‘गुरू शिष्याला पोथी देतो’ या वाक्यात ‘शिष्याला’ हे संप्रदान, हे आपण शाळेत चतुर्थीबरोबर शिकलो. प्रसारात घेणारा कोण याला फारसं महत्त्व नसतं. इथे सगळं महत्त्व त्यालाच आहे. (‘संप्रदाय’ही याच ‘सम् + प्र + दा’मधून आला. आज त्याचा अर्थ पंथ असा झालाय, म्हणून तो इथे चालणार नाही. ‘हस्तांतरण’ तर जमीनजुमल्याचं.)

ताओ धर्मातल्याच शांगछिंग या परंपरेचं बघा. इ.स. 364 पासून काही वर्षं यांग शी या माणसाला देवतांची दर्शनं होत होती. त्या सांगत, तो लिहून घेई. ते कागद त्याने शू मी आणि त्यांचा मुलगा शू हुई यांना दिले. पुढे ज्याला पोथी हवी त्याने सोनं आणि रेशीम ठेवायचं, कुणाला न सांगण्याची शपथ घ्यायची, मग नक्कल करायची, असा दंडक होता.

‘प्रसार’ केला तो वांग लिंगची याने. शू घराण्याच्या दारात बर्फात उभं राहून, जीव धोक्यात घालून त्याने पोथ्या मिळवल्या. मूळ मजकूर उघड करता येणार नाही, म्हणून पदरची भर घालून पन्नासहून जास्त पोथ्या तयार केल्या, आणि लोकांची त्यावर झुंबड उडाली. एकाच शब्दात हे दोन्ही व्यवहार बसवले तर वाचकाला फरक कळणारच नाही.

आता ‘ग्रंथ’. चिनी शब्द ‘जिंग’, म्हणजे मुळात मागावरचा ताणा, उभा धागा. चीनमध्ये बौद्धांच्या ‘सूत्रा’लाही हाच शब्द लावला, त्यामुळे ग्रंथनामात ‘सूत्र’ शोभतं. ‘श्रुती’ मात्र नको. या ग्रंथांचं मूळ रूप स्वर्गीय लिपीत आहे अशी श्रद्धा होती. इथे अक्षरालाच मान.

म्हणून तर याच परंपरेतला विद्वान थाओ होंगजिंग (456–536) माओशान डोंगरावर राहून यांग आणि शू यांचे मूळ कागद शोधत राहिला. इ.स. 499 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ‘झेनगाओ’ या त्या कागदांच्या संकलनामध्ये तो तुकड्यातुकड्याखाली नोंद करतो: हे यांगचं अक्षर, हे शू बापलेकांपैकी अमक्याचं.