कंत्राट संपलं, मुलांचे फोन मात्र येतायत

प्रश्न : ताई नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी राहते, वय ३७. बेरोजगार मुलांची नावनोंदणी करायची, त्यांना कंपन्यांच्या जागा सांगायच्या, मेळावे भरवायचे, अशा एका सरकारी सेंटरवर मी आठ वर्षं होते. ऑफिस सरकारचं, साहेब सरकारचे, पण माझा पगार एजन्सीकडून यायचा, १८,५०० रुपये. पहिली एजन्सी सव्वादोन वर्षं होती, मग टेंडर बदललं, दुसरीकडे ५ वर्षं १० महिने झाले. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसून नोंदण्या केल्यात, मुलगी शेजारच्या काकूंकडे जेवून झोपायची. गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, मुदतवाढ नाही, एक तारखेपासून येऊ नका. एवढंच. सुपरवायझर म्हणतो 'स्वेच्छेने राजीनामा देत आहे' असं लिहून द्या, नवीन टेंडरमध्ये तुमचं नाव पहिलं टाकतो. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, रोज सकाळी डबा घेऊन निघते आणि बहिणीकडे जाऊन बसते. मुलांचे फोन चालूच आहेत, मॅडम कुठे जागा आहे का. त्यांनाही काही बोलले नाहीये. एका प्लेसमेंटवाल्याने ऑफर दिलीय की तुमच्याकडची मुलांची यादी आणा, मुलामागे कमिशन देतो. राजीनामा देऊ का, कोर्टात जाऊ का, आणि ज्या खिडकीच्या आत मी आठ वर्षं बसले तिथे बाहेरून रांगेत उभं राहून स्वतःचं नाव कसं लिहू?

उत्तर : राजीनामा देऊ नका. बाकीचं सगळं नंतर वाचा, पण हे आधी. तुम्हाला काढलंय, तुम्ही सोडलेलं नाही, आणि 'स्वेच्छेने' हा एक शब्द तुमच्या सहीने कागदावर आला की उद्या कुठेही काही मागायला गेलात तर तोच कागद तुमच्या समोर धरतील. नवीन टेंडर कुणाला मिळणार हे त्या सुपरवायझरला तरी कुठे माहितीय, त्याची स्वतःची नोकरी त्याच टेंडरवर आहे. तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मात्र जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, प्रिंट काढा, पगाराच्या स्लिपा, आयकार्ड, हजेरीचे फोटो, तुमच्या नावाने निघालेली मेळाव्याची पत्रं, जे जे आहे ते एका फाइलला लावा.

आता पैशाचं. दुसऱ्या एजन्सीकडे तुमची पाच वर्षं भरलीत म्हणजे ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, तुमचा हक्क आहे, कंत्राटी असलात तरी, कारण कायद्याने तुमचा मालक ती एजन्सी. हिशोब असा असतो की शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग जितकी वर्षं तितक्याने. समजा बेसिक-डीए मिळून १३,००० असेल तर वर्षाला ७,५०० होतात, आणि सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात म्हणून ५ वर्षं १० महिन्यांची सहा वर्षं, म्हणजे ४५,००० रुपये. ही रक्कम एजन्सीवाले आपणहून देतीलच असं नाही, म्हणून लेखी अर्ज करा, ३० दिवसांच्या आत केला तर उत्तम, पोच घ्या, आणि टाळाटाळ केली तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जा, दावा कुठे करायचा ते तिथे विचारा. शेवटचा पगार अडकला असेल तर लक्षात ठेवा, ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ ऑफिसवर जबाबदारी येते, कामगार कायद्यात ते आहे, त्यामुळे अर्जाची एक प्रत तुमच्या जुन्या साहेबांनाही द्या.

पीएफ काढायची घाई नको. हातात पैसे नाहीत की पहिलं लक्ष तिकडेच जातं, मला कळतंय, पण पीएफच्या पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते आणि दोन्ही एजन्सींचं मिळून तुमचं आठ वर्षांच्या वर झालंय. दोन्ही खाती एकाच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, आलीत का ते बघा, पहिलं ट्रान्सफर झालं नसेल तर करून घ्या. पुढे कुठेही पीएफवाली नोकरी दोन वर्षं मिळाली तरी पेन्शनचा दरवाजा उघडतो. पेन्शनचेही पैसे काढलेत तर ही आठ वर्षं पुसली जातात. नोकरी सोडल्याची तारीख एजन्सीने टाकलीय का तेही बघा. त्यांनी नाही टाकली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला पीएफच्या पोर्टलवर टाकता येते. आणि पगार २१,००० च्या आत होता म्हणजे ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असणार, स्लिपवर बघा. नोकरी गेलेल्यांसाठी ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस. ती सध्या चालू आहे का आणि तुम्ही तिच्यात बसता का हे ईएसआयच्या ऑफिसातच विचारा, पण विचाराच.

कोर्टाबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. २००६ च्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं बरीच वर्षं तात्पुरतं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, आणि तेव्हापासून तोच निकाल कंत्राटी माणसाच्या तोंडावर फेकला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात त्याच कोर्टाने म्हटलं की कायमचं काम वर्षानुवर्षं तात्पुरत्या माणसाकडून करून घ्यायला उमादेवीची ढाल वापरू नका, आणि दाद मागणाऱ्या कामगारांना कायम करायला लावलं. पण त्यांना खात्यानेच थेट कामावर ठेवलं होतं, मध्ये एजन्सी नव्हती, तुमच्यात आहे, हा मोठा फरक. एकटीने वकिलाची फी भरत बसू नका. बाकीच्या जिल्ह्यांतल्या सेंटरमधली तुमच्यासारखी माणसं शोधा, त्यांचे नंबर तुमच्याकडे असणारच, आणि मिळून कामगार कायद्यातल्या एखाद्या वकिलाला भेटा.

आता प्लेसमेंटवाल्याची ऑफर. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुमच्याकडे जी यादी आहे त्यात मुलांचे आधार नंबर, जात, घरचं उत्पन्न, फोन सगळं असणार, आणि ते त्यांनी तुम्हाला का दिलं, तर समोर सरकारी मॅडम बसली होती म्हणून. ती यादी तुमची नाहीये. आणि हे लोक कमिशन आणतात कुठून हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, मुलाकडून रजिस्ट्रेशनचे दोन हजार, युनिफॉर्मचे तीन हजार, आणि कंपनीत गेल्यावर कळतं की जागा तीन महिन्यांची आहे. तुम्हीच ना अशा मुलांना समजवायच्या की नोकरीसाठी कुणाला पैसे देऊ नका?

पण एक गोष्ट नक्की तुमची आहे. एमआयडीसीतल्या कुठल्या कारखान्याला दिवाळीच्या आधी माणसं लागतात, कुठल्या एचआरला मुलींना सेकंड शिफ्ट द्यायची नाही, कुणाला वेल्डर हवा म्हणतात आणि प्रत्यक्षात हेल्परचं काम देतात, हे आठ वर्षांत तुमच्या डोक्यात बसलंय. कारखान्यांना आणि त्यांच्या लेबर काँट्रॅक्टरना हे कळणारं माणूस पगार देऊन हवं असतं. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये प्लेसमेंट सेल असतात, खाजगी कॉलेजं तर त्यासाठी माणूस नेमतात. तिकडे अर्ज करा. पैसे घ्यायचे तर माणूस ज्याला हवाय त्याच्याकडून, नोकरी ज्याला हवीय त्याच्याकडून नाही, एवढी एक रेघ आखून घ्या आणि मग खुशाल या धंद्यात राहा.

मुलांना खरं सांगून टाका. 'माझं कंत्राट संपलं रे, आता सेंटरवर अमुक खिडकीत जा, राज्याचं महास्वयम् आणि केंद्राचं एनसीएस या दोन्ही रोजगार पोर्टलवर प्रोफाइल अपडेट कर, दोन्ही फुकट आहेत.' एवढंच. त्यांच्यातली काही मुलं आज कुठल्या कुठल्या कंपनीत सुपरवायझर असतील, त्यांना कळू तर द्या तुम्हाला काम हवंय ते. आणि तो डबा. आज संध्याकाळी सासूबाईंना सांगा हो. डबा घेऊन बहिणीकडे जाण्यात तुमची जी ताकद जातेय ती अर्ज लिहायला लागणारे. रागावतील, रडतील, दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित, पण मुलीकडे बघायला घरात एक माणूस तुमच्या बाजूने उभं राहील.

रांगेचं म्हणाल तर नोंदणी आता मोबाइलवर होते, त्या खिडकीवर जायचीच गरज नाही. पण कधी जावं लागलं तर आत बसलेल्या नवीन मुलीला एवढं सांगा की सर्व्हर दुपारी जेवणाच्या वेळी बरा चालतो.

प्रश्न : आमच्या इथल्या रोजगार केंद्रातले सर कंत्राट संपल्याने गेले. माझ्या वडिलांचं एम्प्लॉयमेंट कार्ड होतं, त्यांना त्यावरच कॉल आला होता. मी ३ वर्षांपूर्वी नाव घातलं, एकही कॉल नाही. आता या कार्डाचा काही उपयोग आहे का? (बीएससी, वय २४)

उत्तर : वडिलांच्या वेळची पद्धत वेगळी होती. तेव्हा सरकारी ऑफिसं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजकडून, म्हणजे रोजगार केंद्राकडून, नावं मागवायची आणि ज्येष्ठतेने कॉल निघायचा. १९५९ चा कायदा मालकाला रिकामी जागा कळवायला सांगायचा, तिथलाच माणूस घ्या असं त्यात कधी नव्हतं. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती एक्स्चेंजची नावं पुरेशी नाहीत, पेपरात जाहिरातही द्या, म्हणजे ज्याचं नाव तिथे नाही त्यालाही संधी मिळेल. ते योग्यच होतं, पण त्यानंतर कार्डावरच्या कॉलची वाट बघण्यात अर्थ उरला नाही. नाव काढू नकोस, मेळाव्यांसाठी आणि काही योजनांसाठी नोंदणी क्रमांक लागतो. फक्त प्रोफाइल तीन वर्षांपूर्वीचं असेल तर आजच उघड, फोन नंबर तोच आहे का बघ आणि बीएससीचा विषय लिही, नुसतं 'पदवीधर' नको.