वाऱ्याच्या दिशेने आखलेला आठवडा

प्रश्न : आम्ही तिघे, म्हणजे मी, माझी पत्नी आणि माझी धाकटी बहीण, पवईला राहतो. वयाने पन्नाशीच्या आसपास आहोत आणि दर रविवारी आरेच्या रस्त्यावरून तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवतो. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये सात दिवसांची सायकलसफर, कोणत्याही सहल-कंपनीच्या गटात न जाता, स्वतःच आखून करावी असा विचार आहे. लंडनहून निघून एडिंबरापर्यंत जावे असे मनात आहे. सायकली इथून न्याव्यात का? जून बरा की सप्टेंबर?
– एक वाचक, पवई

उत्तर : लंडन ते एडिंबरा हे अंतर मोटाररस्त्यानेच साधारण 640 किलोमीटर भरते आणि सायकलच्या आडवाटांनी ते आणखी वाढते. सात दिवसांत ते कापायचे म्हणजे सामानासह रोज नव्वदहून अधिक किलोमीटर, तेही पाऊस पडो वा कोणाचा गुडघा दुखो. आपल्या रविवारच्या सवयीला हे झेपणारे नाही आणि झेपले तरी वाटेत थांबून काही पाहायला वेळ उरणार नाही. म्हणून मी आपल्याला स्पष्टपणे दुसरा मार्ग सुचवतो : उत्तर इंग्लंडमधला ‘सी टू सी’, म्हणजे पश्चिमेच्या आयरिश समुद्रापासून पूर्वेच्या उत्तर समुद्रापर्यंतचा मार्ग. तो सुमारे 225 किलोमीटरचा असून 1994 साली खुला झाला. व्हाइटहेवनहून निघून केझिक, पेन्रिथ, ऑल्स्टन, स्टॅनहोप असे मुक्काम करत पाच दिवसांत टाइनमथ गाठता येते. रोजची सरासरी पंचेचाळीस किलोमीटर पडते. पहिला आणि शेवटचा टप्पा थोडे लांब, मधले चढाचे टप्पे आखूड, अशी वाटणी करावी.

हा मार्ग नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच करावा, कारण तिथला वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो. तो पाठीशी असेल तर उघड्या माळरानावरचा दिवस सुखाचा जातो आणि तोंडावर आला तर सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो. निघताना सायकलचे मागचे चाक एका समुद्रात आणि पोहोचल्यावर पुढचे चाक दुसऱ्या समुद्रात बुडवण्याची तिथली प्रथा आहे. ती जरूर पाळावी, पण खारे पाणी साखळीला लागू देऊ नये.

चढांविषयी आधीच मनाची तयारी असलेली बरी. पेन्रिथच्या पुढे हार्टसाइडचा चढ येतो. त्याचा माथा सुमारे 580 मीटर उंचीवर आहे, पण चढण लांब आणि बेताची असल्याने खालच्या गिअरमध्ये गप्पा मारत चढता येते. खोपोलीहून खंडाळ्याचा जुना घाट आपण एकदा न उतरता चढलात, तर हार्टसाइडची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. खरी परीक्षा त्यापुढच्या नेंटहेड आणि स्टॅनहोपजवळच्या आखूड पण उभ्या चढांची आहे. तिथे स्थानिक लोकसुद्धा उतरून सायकल ढकलताना दिसतात. एकदा स्टॅनहोपचा चढ मागे पडला की वाट खाणींसाठी बांधलेल्या, आता बंद पडलेल्या जुन्या रेल्वेच्या मार्गावर येते. आगगाडीला तीव्र उतार चालत नसल्याने तिथून कॉन्सेटपर्यंत सायकल संथपणे उतरत राहते. पुढे न्यूकॅसलच्या पुलांखालून टाइन नदीच्या काठाने समुद्र येतो.

सायकली इथून नेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. खोक्यात भरणे, विमान कंपनीशी वजनाबद्दल बोलणे, पुन्हा जुळवणे हे सगळे जमेलही, पण खरी अडचण पुढे रेल्वेत येते. ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलसाठी वेगळे आरक्षण लागते आणि कार्लाइलहून व्हाइटहेवनला जाणाऱ्या ‘नॉर्दर्न’ या रेल्वे कंपनीच्या गाड्यांत साधारणपणे दोनच सायकलींची जागा असते. ती आधी येणाऱ्याला मिळते. आपण तिघे आहात. त्याऐवजी सायकल भाड्याने देऊन ती व्हाइटहेवनला पोहोचवणारे आणि टाइनमथहून परत नेणारे व्यावसायिक या मार्गावर आहेत. ते बॅगाही एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी नेतात, ज्याचा खर्च पन्नाशीत मुळीच वाया जात नाही. फक्त आपले सवयीचे सीट, शक्य असल्यास पेडल आणि हेल्मेट इथून न्यावे. सायकलस्वाराला हेल्मेटची तिथे कायद्याने सक्ती नाही, तरी घालावेच. अंधारात मात्र पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि मागे लाल परावर्तक कायद्यानेच लागतो.

महिन्याचे म्हणाल तर जूनच निवडावा. केझिकजवळ तेव्हा साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे वाट चुकली किंवा पंक्चर झाले तरी घाई होत नाही, आणि तिथल्या शाळा सुरू असल्याने गर्दी कमी असते. याहून मोठे कारण मुंबईचे आहे. सप्टेंबरच्या सफरीचा सराव भर पावसाळ्यात, खड्ड्यांच्या रस्त्यावर करावा लागेल. जूनसाठी फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत पहाटे सराव होतो. उकाडा सोसावा लागेल, पण येऊरचा चढ लागोपाठ दोन-तीनदा करण्यासाठी हेच महिने बरे. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस सायकल चालवून पाहावी, कारण दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ते एका रविवारात कळत नाही.

वारांचीही आखणी करावी. शनिवारी लंडनच्या यूस्टन स्थानकातून कार्लाइल आणि तिथून व्हाइटहेवन, रविवार ते गुरुवार सायकल, शुक्रवारी न्यूकॅसलहून लंडन, असा आठवडा धरावा. रविवारी रेल्वेची दुरुस्तीची कामे काढलेली असतात (मेगाब्लॉक काही आपलीच मक्तेदारी नाही), म्हणून त्या दिवशी रेल्वेप्रवास ठेवू नये. केझिकमधल्या अनेक निवासगृहांत शनिवार-रविवारला किमान दोन रात्रींची अट असते. या आखणीत तिथला मुक्काम रविवारच्या रात्री पडतो, तेव्हा पाहुणे परतलेले असतात. खोल्या ठरवताना सायकली ठेवायला कुलपाची जागा आहे का, हे विचारून घ्यावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांआधी करता येत नाही आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून खोल्या लवकर धराव्यात, पण रद्द करता येतील अशाच. प्रवासविम्यात सायकलिंगचा समावेश आहे ना, हे कागदावर वाचून पाहावे.

वाटेवर निळ्या पाट्यांवर लाल चौकटीत मार्गाचा क्रमांक असतो, तरीही नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण डोंगरात मोबाइलची रेंज जाते. मोटारींसाठीचा नकाशा मात्र वापरू नये. तो आपल्याला ए-66 या अवजड ट्रकच्या रस्त्यावर नेऊन सोडेल. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते, अंतरे मैलांत असतात आणि सायकलला ओलांडताना ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगात किमान दीड मीटर अंतर ठेवावे, असे तिथली वाहतूक-संहिता 2022 पासून सांगते.

पाऊस येणारच. केझिकच्या दक्षिणेला जवळच असलेल्या सीथवेट या वस्तीत वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईहूनही बराच जास्त. मात्र तो चार महिन्यांत कोसळत नाही, वर्षभर रेंगाळतो, आणि गार असतो. आपला रबरी रेनकोट आतून घामाने भिजवतो. घाम बाहेर जाऊ देणारे जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि मोज्यांचे दोन कोरडे जोड यांवर पैसे खर्च करावेत. जेवणाचेही सांगतो. खेड्यातल्या पबचे स्वयंपाकघर रात्री नऊच्या सुमारास किंवा त्याआधीच बंद होते आणि गावात दुसरे काही नसते. शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात, पण आठपूर्वी टेबलावर बसावे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि मला चढ जमत नाहीत. आम्ही दोघांनी ब्रिटनमध्ये ई-बाइक घ्यावी का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपल्याला चालेल, मुलाला नाही. तिथे विजेवर चालणाऱ्या सायकलसाठी किमान वय 14 वर्षे आहे. त्यापेक्षा आपण बाथ शहरात एकाच ठिकाणी मुक्काम करून रोज सपाट वाटेने फिरून यावे. ब्रिस्टलपर्यंतची जुनी रेल्वेवाट 21 किलोमीटरची आहे आणि तिच्यावर मोटारी नाहीत. दुसऱ्या बाजूला केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला जाता येते आणि हौस असेल तर पुढे डिव्हायझेसजवळची, होड्यांना चढ-उतार पार करू देणाऱ्या 29 जलद्वारांची रांगही पाहता येते. मुलाला सर्वांत आवडेल तो कूम डाउनचा जुना रेल्वे बोगदा. दीड किलोमीटरहून लांब असलेल्या या बोगद्यातून सायकलने जाता येते. आत दिवे आहेत, पण गारवा असतो. जाकीट बरोबर ठेवावे.