शंका-समाधान : भाताचा करपा

प्रश्न : प्रकल्पासाठी करप्याची बुरशी, मॅग्नापोर्थे ओरायझी, पानावरून वेगळी केली. ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक मिसळलेल्या माध्यमावरही (प्रयोगशाळेतल्या ताटलीतल्या अन्नावरही) ती जवळपास तेवढीच वाढते. बुरशीला औषध लागू पडेनासे झाले, असे अहवालात लिहावे का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : एवढ्यावरून मुळीच लिहू नका. हे औषध बुरशीची वाढ थांबवतच नाही, ते फक्त मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. ताटलीत आयते अन्न असल्यामुळे मेलॅनिनवाचून तिचे काही अडत नाही. वसाहत करडी न होता तांबूस दिसली असेल, तर औषध चोख काम करते आहे.

पानावरचा मामला निराळा. बीजाणूचा कोंब गुळगुळीत, पाणी न धरणाऱ्या पृष्ठभागाला टेकला की पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेश पोचवणारा रेणू वाढतो. त्याच सुमारास पीएमके-१ या जनुकाची संदेश-साखळी जागी होते आणि कोंबाच्या टोकाला घुमटासारखी पेशी, अप्रेसोरियम, बनते. तिच्या भिंतीतला मेलॅनिनचा थर आत साठलेले ग्लिसरॉल बाहेर झिरपू देत नाही. त्यामुळे दाब ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरच्या पस्तीस-चाळीस पट चढतो आणि पान भेदले जाते. पीएमके-१ काढून टाकलेली बुरशी ताटलीत छान वाढते. पानाला मात्र जखम करून दिली तरी तिला रोग करता येत नाही.

तेव्हा चाचणी अप्रेसोरियमवर घ्या. ओट माध्यमावरच्या १०-१२ दिवसांच्या वसाहतीवरून बीजाणू निर्जंतुक पाण्यात घ्या, मलमलीतून गाळा, दोनदा धुवा आणि मिलिलिटरला १ लाख एवढे ठेवा. प्लास्टिकच्या कव्हरस्लिपवर २० मायक्रोलिटरचे थेंब, काही औषधासह, काही औषधाविना, ओलसर डब्यात २५ अंशांना ठेवा. साधारण २ तासांत कोंब, ६-८ तासांत टोकाला फुगवटा, २४ तासांपर्यंत काळे कडे. औषधाच्या थेंबात फुगवटा येतो, पण काळा होत नाही. फुगवटेच आले नाहीत तर औषधाला श्रेय देण्याआधी धुणे तपासा. माध्यमातला यीस्ट अर्क उरला की अप्रेसोरियम बनत नाही; बीजाणूंची गर्दी झाली तरी बिघडते. स्वच्छ, पाणी धरणाऱ्या काचेवर हा प्रयोग फसतो.

प्रश्न : वारंवार नव्या माध्यमावर घेतलेल्या बुरशीने आता रोग होत नाही. का?

उत्तर : दोन गोष्टींची गल्लत नको. पानात शिरल्यावर लागणारी इफेक्टर जनुके (भाताचा प्रतिकार मोडणारी प्रथिने बनवणारी) ताटलीत बंद असणे स्वाभाविकच आहे. त्यांतली बरीचशी डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच-३ प्रथिनाच्या २७व्या लायसिनवरील (एका अमिनो आम्लावरील) मिथाइल या रासायनिक खुणांनी दाबलेली असतात आणि संसर्गात मोकळी होतात. हे बंद कुलूप उघडते. हरवलेले जनुक मात्र परत येत नाही. ताटलीत रोगक्षमतेची गरज नसल्याने मेलॅनिन न बनवणारी किंवा बीजाणू कमी देणारी उत्परिवर्ती पिले सहज पुढे सरकतात. वसाहत फिकी पडली असेल तर ती टाकून द्या. नव्या वसाहतीवरून बीजाणू घ्या, ०.२ टक्के जिलेटिनमध्ये कालवून ३ आठवड्यांच्या रोपांवर फवारा आणि २४ तास अंधारात, दमट हवेत ठेवा. ५-७ दिवसांनी पडलेल्या डोळ्याच्या आकाराच्या ठिपक्यांतून बुरशी पुन्हा काढा. एका बीजाणूपासून वाढवून, गाळण कागदावर वाळवून उणे २० अंशांना साठवली की दर महिन्याला माध्यम बदलण्याची कटकटच राहत नाही.

प्रश्न : मानमोडी (लोंबीच्या मानेवरचा करपा) दिसल्यावर ट्रायसायक्लाझोल मारले, फरक पडला नाही. – शेतकरी, कर्जत

उत्तर : बुरशी आत शिरल्यावर मेलॅनिन रोखून काय उपयोग? हे औषध शिरकावाआधीचे. ७५ टक्के भुकटी १० लिटर पाण्यात ६ ग्रॅम, एकदा पोटरीत (लोंबी पानाच्या आवरणात असताना) आणि एकदा निम्म्या लोंब्या बाहेर पडताना फवारा. मानेवर डाग पडल्यावर ती लोंबी वाचत नाही. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या. नत्र जास्त झालेल्या भातावर करपा जोर करतो. तांदूळ युरोपला जाणार असेल तर हे औषध टाळलेलेच बरे, तिथे अवशेषांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे.