दुधाच्या गाडीतून आलेल्या वह्या

प्रश्न : मी यंदाच हायस्कूलला लागले. ‘कोरोनात मास्तरांनी घरी बसून पगार खाल्ला’ असं आमच्या गावात अजूनही बोलतात. बाई, खेड्यात तेव्हा खरंच शिकवणं झालं का?
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : हे वाक्य मी एसटीत शेजारच्या सीटवरून ऐकलंय. फार लागतं. पण झालं ते सगळं सांगते.

मी पाटण तालुक्यातल्या डोंगरी गावात गणित शिकवते. मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. जूनमध्ये नव्या दहावीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पोरं ४२, ग्रुपवर १७. फोन वडिलांचा, वडील दिवसभर रानात. म्हणून तास रात्री आठनंतर. रेंज फक्त देवळामागच्या टेकावर, त्यात आमच्याकडचा पाऊस! पोरं फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छत्रीखाली बसायची.

बाकीच्यांसाठी दुधाची गाडी धरली. सोमवारी गणितं लिहून डेअरीत द्यायची, शुक्रवारी वह्या परत यायच्या. सुरुवातीला भीतीपोटी दोन दिवस त्यांना हातही लावत नव्हते. एकदा एका मुलीने समासात लिहिलं होतं, ‘बाई, कंपास नाही. बांगडीने वर्तुळ काढलंय. मध्य कुठे ते कळत नाही.’ मी खाली लिहिलं, ‘तेवढंच वर्तुळ कागदावर काप. बरोबर अर्ध्यात दुमड, उघड, दुसरीकडून पुन्हा दुमड. घड्या छेदतात तो मध्य.’ पुढच्या शुक्रवारी वहीत ते कागदी वर्तुळ भाताच्या शिताने चिकटवलेलं होतं आणि मध्यावर पेनाने ठसठशीत ‘म’. त्या वर्षी एवढा आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नाही.

मधे सरकारचा ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ हा घरोघरी कोरोना तपासणीचा सर्व्हे आला. ऑक्सिमीटर घेऊन वाड्यावस्त्या फिरलो. नोव्हेंबरात आरटीपीसीआर करून वर्ग उघडले.

तरी सगळं शिकवलं असं मी म्हणणार नाही. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. माझे सगळे पास झाले, आणि त्यातल्या कित्येकांना अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. त्यांना ती मी उन्हाळ्यात ओसरीवर बसवून शिकवली, जे आले त्यांना. दोन मुलगे आलेच नाहीत. मुंबईला चुलत्याबरोबर माल उचलायला गेले होते. त्यांच्या वह्या अजून माझ्या कपाटात आहेत, पुढची पानं कोरी.