मिरजेत हॉस्पिटलात सिस्टर म्हणून नवीन ड्युटी लागलीये ना, मग एवढं ऐक

अगं, सांगली-मिरजेत सगळे एकमेकांच्या ओळखीचे, तासगावचे, जतचे, पार अथणीकडनं पण पेशंट येतात, आणि एसटीत बसलं की शेजारची बाई विचारणारच, "आमच्या भावकीतली ॲडमिट आहे म्हणे, काय झालंय गं तिला?" तिथं एवढंच म्हणायचं, "मावशी, तिलाच विचारा की." राग येतो लोकांना, येऊ दे. मी नवीन असताना एकदा "काळजीचं नाही, पिशवीचं ऑपरेशन आहे" एवढंच बोलले, संध्याकाळपर्यंत ते तिच्या सासरी पोचलं, आणि ती बाई डिस्चार्जपर्यंत माझ्याशी बोलली नाही. अजून लागतं मनाला.

एचआयव्हीचं तर फार म्हणजे फार जपायचं. २०१७ चा कायदाच आहे, कोर्टाचा आदेश वगैरे सोडला तर पेशंटच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही, म्हणून फाईलवर लाल पेनानं ठळक लिहिणं, बेडला वेगळी खूण लावणं असलं काही करू नको, ग्लोव्हज काय सगळ्यांसाठीच घालायचे असतात.

केसपेपरचा फोटो ग्रुपवर नको, सरांना दाखवायचाच असला तर नाव झाकून फक्त त्यांनाच, काम झालं की डिलीट.

नातेवाईक पर्सनल नंबर मागतात, वॉर्डचा दे. रात्री अकराला "सिस्टर जरा रिपोर्ट बघता का" सुरू झालं की थांबत नाही. डिस्चार्जला कुणी द्राक्षाची पेटी आणली तर इन्चार्ज सिस्टरना सांगून सगळ्या वॉर्डात वाट, पाकीट मात्र हातात घेऊच नको.