खाडा पडला तर भरून काढू नकोस

मावशी, जय ख्रिस्त. मी ३४ वर्षांची, वडगाव शेरीत राहते, खराडीला नोकरी. दर जानेवारीत ठरवते की वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचं. मग खाडे पडतात, रविवारी बसून मागचे अध्याय उरकते आणि तिसऱ्या पुस्तकापाशी, लेवीयपाशी, सगळंच सुटतं. प्रार्थनेत मन लागत नाही. मंडळीतल्या एका मैत्रिणीचे डोळे प्रार्थनेला बसल्याबरोबर वाहू लागतात, मला काहीच होत नाही. (त्यात नाताळपासून नणंदेशी बोलणं बंद, तो ताप वेगळाच.) मला येशूच्या खरोखर जवळ जायचंय. माझ्यातच काही कमी आहे का?
– एक वाचक, पुणे

अगं, माझ्या मुलीच्या वयाची तू, म्हणून एकेरीतच बोलते.

आधी लेवीयचं बघू. उत्पत्तीचे ५० अध्याय, निर्गमचे ४०. रोज तीन वाचले तर तिसाव्या दिवशी दोन्ही संपतात आणि ३१ जानेवारीला, ऑफिसातून दमून आल्यावर, तू होमार्पणाच्या नियमांत येऊन पडतेस. तिथे अडणारी तू एकटी नाहीस. पण मला वाटतं, तुझी गाडी लेवीयमुळे अडतच नाही, ती अडते त्या रविवारच्या उरकण्यामुळे. थकलेले हप्ते फेडावेत तसे तू अध्याय फेडतेस. येशू सावकार नाही गं. दोन दिवस राहून गेले तर राहू देत. तिसऱ्या दिवशी फक्त त्या दिवसाचं वाच.

माझ्या आईचा नेम सांगते. स्तोत्र ११९ मध्ये १७६ ओव्या आहेत, आठ-आठ ओव्यांचे २२ भाग. आई सकाळी स्टोव्हवर दूध ठेवायची आणि ते वर येईपर्यंत एक भाग वाचायची, उभ्यानेच. डाव्या हातात शास्त्र, उजव्यात सांडशी. बावीस दिवसांनी पुन्हा आलेफपासून, म्हणजे पहिल्या भागापासून सुरुवात. आम्ही तापाने फणफणलो, पाहुणे आले की खाडा व्हायचाच. दुसऱ्या दिवशी ती पुढचा भाग काढायची, मागचा कधी शोधत बसली नाही. ते पुस्तक आता माझ्याकडे आहे, त्या पानांवर दुधाचे पिवळे डाग आहेत.

तर यंदा पूर्ण बायबलाचा संकल्प सोड. मार्क घे, १६ अध्यायांचं शुभवर्तमान आहे. रोज एकच प्रसंग, सकाळी, मोबाइल हातात घेण्याआधी. सावकाश दोनदा वाच. येशू कोणाशी बोलतोय, समोरच्याला काय हवंय, एवढंच बघ. मग जे मनात येईल ते त्याला आपल्या घरच्या मराठीत सांग, 'हे कृपावंता' वगैरे नाही जमलं तरी चालेल. पंधरा मिनिटं पुरतात. त्यातला एखादा शब्द दिवसभर जवळ ठेव, नगर रोडच्या सिग्नलला थांबशील तेव्हा आठव.

आता मैत्रिणीच्या डोळ्यांतलं पाणी. ते खरंच असेल, देवाने तिला दिलंय. पण त्यावर स्वतःला मोजू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८९० मध्ये त्यांनी आपली मुली-विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, मुंबईहून आपल्या पुण्यात आणलं. एवढी विद्वान, एवढं काम उभं केलेली बाई. त्यांनीच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायचा राहून गेला. मधल्या वर्षांत त्यांनी शोधणं थांबवलं नाही. तू तर हे पत्र लिहिलंस. ज्याला भूक नाही तो असं पत्र लिहीत नाही.

आणि कोरडेपणाला इतकी घाबरू नकोस. एप्रिलमध्ये नारायणगावच्या बाजूला गेलीस तर खरड छाटणी झालेली द्राक्षबाग बघ. नुसते बोडके खुंट, बाग गेली असंच वाटतं. ऑक्टोबरात पुन्हा छाटणी, मग घड धरतात. योहानाच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, येशू स्वतःला वेल आणि आपल्याला फांद्या म्हणतो. फांदीला तो काय सांगतो? माझ्यात राहा. फळ धरवण्याचं काम वेलाचं, छाटणी बापाची. तुझ्याकडे राहणं आलं, आणि रोज राहणं हे काही कमी कष्टाचं नाही. प्रेषित पौलही तुरुंगातून फिलिप्पै गावच्या मंडळीला दोन्ही एकाच दमात लिहितो, की झटून आपलं तारण साधा, कारण तुमच्यात काम करणारा देव आहे.

शेवटी ते वाक्य, जे तू कंसात घातलंस. मला ते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पर्वतावरच्या प्रवचनात येशू सांगतो, अर्पण वेदीवर आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. कोण चुकलं होतं, हे तो विचारतच नाही. तुला प्रार्थनेला बसल्यावर नणंद आठवते का? माझा अंदाज, आठवत असणार, आणि तू तिला बाजूला सारून पुढची ओवी वाचतेस.

तिला या आठवड्यात फोन कर. नाताळचा विषय तू काढू नकोस, तिने काढला तर मध्ये न बोलता ऐकून घे. आणि 'माझं चुकलं' एवढं जिथे खरं असेल तिथे म्हण. नाही उचलला तर रविवारी उपासनेनंतर तिच्या घरी जा, मुलांसाठी काहीतरी खाऊ घेऊन. काय झालं ते मला कळव, मी तुम्हा दोघींसाठी प्रार्थना करतेय.

तुझी,
मावशी